छापचित्रातला चेहरा नेमका कोणाचा? डब्लिनच्या जेम्स मॅकआर्डेलविषयी

काजळरेघ:

गेल्या महिन्यात लंडनमध्ये असताना ब्रिटिश म्युझियमच्या मुद्राचित्र विभागात आधी वेळ ठरवून गेले होते. तिथे चित्रे भिंतीवर टांगलेली नसतात. आपण मागितलेली पेटी टेबलावर आणून ठेवतात आणि एकेक चित्र लाकडी घोडीवर उभे करून काचेविना पाहता येते. मी अठराव्या शतकातल्या जेम्स मॅकआर्डेल या मुद्राचित्रकाराची पेटी मागितली होती. तिच्यातले अँकॅस्टरच्या डचेसचे १७५७ सालचे व्यक्तिचित्र समोर आले आणि ठरवलेल्या वेळेतला बराचसा भाग मी त्या एकाच कागदासमोर घालवला.

चित्र सुमारे दीड फूट उंच आहे. जुन्या फ्लेमिश धाटणीच्या पोशाखातली ही स्त्री पूर्णाकृती उभी आहे आणि तिच्या मागे दूरवर लंडनच्या रॅनेला बागेतली गोल इमारत दिसते. मी मात्र तिच्या बाहीकडे पाहत राहिले. साटीनच्या कापडाला घडी पडते तिथे उजेडाची एक पातळ कड उमटते, ती सावकाश विरत जाते आणि पुढच्या घडीच्या पोटात नाहीशी होते. कागद जवळजवळ नाकाशी धरला तरी त्या कडेत एकही रेघ सापडत नाही. शाईचा एकच रंग वापरून कापडाचा पोत, कातडीचा मऊपणा आणि हवेतला अंधार असे तिन्ही निरनिराळे उभे केले आहे.

चित्राखाली डावीकडे लहान अक्षरांत चित्रकार थॉमस हडसनचे नाव आहे, तर उजवीकडे तितक्याच लहान अक्षरांत मॅकआर्डेलचे. त्या काळचा रिवाजच तसा होता, की मूळ चित्र रंगवणारा डावीकडे आणि त्यावरून छापण्यासाठी तांब्याच्या पत्र्यावर काम करणारा उजवीकडे. आपल्या वाचनात मात्र उजवीकडचे नाव जवळजवळ कधीच येत नाही. त्या काळचा नामांकित व्यक्तिचित्रकार सर जोशुआ रेनॉल्ड्स याने आपल्या चित्रांवरून मॅकआर्डेलने केलेली कामे पाहून ‘या माणसामुळे मी अमर होईन’ असे म्हटल्याचे परंपरेने सांगितले जाते. रेनॉल्ड्सला जे कळले होते ते आपण का विसरलो, असा प्रश्न मला पडला आहे. हे चित्र हडसनचे म्हणावे, मॅकआर्डेलचे म्हणावे, की दोघांचे? आणि दोघांचे असेल तर त्यात कोणाचा वाटा कोणता? ज्यांनी ही कामे पाहिली आहेत किंवा हाताने केली आहेत, त्यांनी सविस्तर लिहावे अशी विनंती.

तांबट:

काजळरेघताई, विषय काढल्याबद्दल मनापासून आभार. मी मुद्राचित्रण शिकलो आहे आणि मेझोटिंटचे, म्हणजे मॅकआर्डेलच्याच तंत्राचे, तीन पत्रे आयुष्यात पूर्ण केले आहेत. त्यातला एकच दाखवण्याजोगा झाला, म्हणून अधिकाराने नव्हे तर अनुभवाने लिहितो.

या तंत्राची सगळी गंमत उलट्या दिशेत आहे. साध्या उत्कीर्णनात कोरा पत्रा पांढरा असतो आणि आपण रेघ कोरून काळे निर्माण करतो. मेझोटिंटमध्ये आधी संपूर्ण पत्रा काळा करून घ्यायचा. त्यासाठी गोलसर धारेचे, बारीक दात असलेले एक पोलादी अवजार असते, त्याला रॉकर म्हणतात. ते पाळण्यासारखे झुलवत पत्र्यावरून पुढे न्यायचे, मग दिशा बदलून पुन्हा, मग तिरके, मग त्याच्या उलट तिरके, असे वीस-पंचवीस दिशांनी तरी फिरवायचे. प्रत्येक दातामुळे तांब्यात खड्डा पडतो आणि त्याच्या काठाला धातूची बारीक कुसळे उभी राहतात. या कुसळांत शाई अडकते. अशा अवस्थेत छाप काढला तर कागदावर मखमलीसारखा गर्द काळा चौकोन मिळतो, बाकी काही नाही.

मग खरे काम सुरू होते. जिथे उजेड हवा तिथली कुसळे खरवडणीने थोडी थोडी काढायची. कमी खरवडले तर करडे, जास्त खरवडले तर फिके, आणि पार खरवडून घोटणीने गुळगुळीत केले की शाई तिथे थांबतच नाही, म्हणून कागद कोरा राहतो. म्हणजे चेहरा अंधारातून बाहेर आणावा लागतो. त्यातही पत्र्यावरचे चित्र छापताना उलटे होते, त्यामुळे छाप मूळ चित्राच्या बाजूनेच उतरावा असे वाटत असेल तर सगळे काम आरशातले असावे तसे करावे लागते.

माझा दुसरा पत्रा कपाळापाशी बिघडला. भुवईच्या वर उजेड वाढवताना हात नखभर पुढे गेला आणि तिथे एक पांढरा डाग उठला. छापात तो जखमेसारखा दिसायचा. दुरुस्तीसाठी तेवढ्याच भागावर पुन्हा दात फिरवले, पण नवे काळे आणि जुने काळे कधीच एकजीव झाले नाही. मॅकआर्डेलने पंधराएक वर्षांत सुमारे दोनशे पत्रे केले हे वाचतो, तेव्हा मला ते कपाळ आठवते.

तुमच्या प्रश्नापुरते सांगायचे, तर मूळ तैलचित्रात लाल, निळा, सोनेरी असे रंग असतात. लाल मखमल आणि निळे आकाश दोन्ही करड्यात आणायचे तर कोणते किती गडद, हे ठरवावे लागते. ते चित्रकाराने कुठेही लिहून ठेवलेले नसते. तो निर्णय सर्वस्वी पत्र्यावर काम करणाऱ्याचा असतो.

पडछाया:

तांबट यांनी तंत्र फार सुरेख समजावले, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. बसणाऱ्या व्यक्तीसमोर प्रत्यक्ष कोण उभे होते? रेनॉल्ड्स. मान कोणीकडे वळवावी, हात कुठे ठेवावा, मागे झाड हवे की पडदा, हे कोणी ठरवले? त्यानेच. मॅकआर्डेलपुढे तयार चित्र होते. करड्याच्या छटा ठरवणे हे उच्च कोटीचे कौशल्य आहे हे मान्य केले, तरी कौशल्य आणि कल्पना यांत फरक करावाच लागेल. ‘व्यक्तिचित्रकार’ हा शब्द मी चेहरा पाहून चित्र करणाऱ्यासाठी राखून ठेवीन आणि मॅकआर्डेलला उत्तम अनुवादक म्हणेन. अनुवादक म्हणण्यात त्याचा कमीपणा होतो असे मला वाटत नाही.

षड्ज:

पडछाया, अनुवादापेक्षा गाण्याची तुलना मला अधिक जवळची वाटते. बंदिश एकाने बांधलेली असते आणि ती गाणारा दुसरा असतो. शब्द तेच, सम तीच, रागही तोच. तरीही मैफलीतून घरी जाताना आपण ‘आज अमक्याचे गाणे ऐकले’ असे म्हणतो, बंदिश बांधणाऱ्याचे नाव घेतलेच तर नंतर घेतो. छापचित्रांच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो.

लिफीकाठ:

मी बारा वर्षे डब्लिनमध्ये राहतो, म्हणून या माणसाच्या गावाविषयी थोडे लिहितो.

मॅकआर्डेलचा जन्म १७२८-२९ च्या सुमारास इथल्या काऊ लेनमध्ये झाला. ती गल्ली आज ग्रीक स्ट्रीट या नावाने ओळखली जाते आणि लिफी नदीच्या उत्तरेला, फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीमागे आहे. त्याच्या काळातले तिथे काही उरलेले नाही. तो जॉन ब्रुक्स या मुद्राचित्रकाराकडे शिकला. ब्रुक्सचे दुकान नदीच्या दक्षिणेला, किल्ल्याजवळच्या कॉर्क हिलवर होते. लंडनहून अँड्र्यू मिलर नावाचा कसबी मेझोटिंटकार ब्रुक्सने डब्लिनला आणला आणि या दोघांभोवती शहरातल्या तरुणांचा एक गटच तयार झाला. १७४६ च्या सुमारास ब्रुक्स लंडनला निघून गेला, त्याच्या मागोमाग मॅकआर्डेल आणि रिचर्ड ह्यूस्टन हे शिष्य गेले. मिलर मात्र डब्लिनमध्येच राहिला.

ही एका माणसाची कहाणी नाही, ही गोष्ट मला आवर्जून नोंदवावीशी वाटते. ह्यूस्टन, रिचर्ड पर्सेल, वेक्सफर्डचा चार्ल्स स्पूनर, एडवर्ड फिशर, जेम्स वॉटसन, जॉन डिक्सन हे सगळे आयर्लंडचे, आणि अठराव्या शतकाच्या मध्यावर लंडनमधल्या उत्तम मेझोटिंट व्यक्तिचित्रांपैकी फार मोठा हिस्सा यांच्या हातचा आहे. हे तंत्र मुळात १६४२ मध्ये लुडविग फॉन झीगन या जर्मन माणसाने शोधले. पुढे इंग्लंडमध्ये ते इतके बहरले, की फ्रेंच लोक त्याला ‘इंग्रजी पद्धत’ म्हणू लागले. ज्यांच्यामुळे ते बहरले त्यांपैकी इतकी माणसे डब्लिनची होती, ही गोष्ट त्या नावात कुठेच उरली नाही. इथे राहून त्याची बोच जरा अधिक जाणवते.

मॅकआर्डेलने लंडनमध्ये कव्हेंट गार्डनच्या हेन्रिएटा स्ट्रीटवर दुकान थाटले. जवळच सेंट मार्टिन्स लेनमध्ये ओल्ड स्लॉटर्स नावाचे कॉफीगृह होते. तिथे चित्रकार, शिल्पी आणि मुद्राचित्रकार बसत, त्यांच्यात हा असे, हडसनही असे आणि ल्यूक सलिव्हन हा दुसरा आयरिश मुद्राचित्रकारही असे. रेनॉल्ड्स इटलीहून परतल्यावर १७५३ मध्ये आधी याच गल्लीत राहिला. तेव्हा या दोघांची गाठ पडण्यासाठी कोणाला फार लांब जावे लागले नसणार. पुढच्याच वर्षी, १७५४ मध्ये, मॅकआर्डेलने रेनॉल्ड्सच्या चित्रावरून पहिला पत्रा केला. तो लेडी शार्लट फिट्झविल्यमचा. नंतर पस्तीसहून अधिक पत्रे त्याने रेनॉल्ड्सच्या चित्रांवरून केले.

अबोली:

एक भाषिक शंका विचारते. धाग्यात सगळे जण ‘मुद्राचित्रकार’ म्हणत आहेत. ‘कोरीवकाम करणारा’ म्हटले तर चालेल का?

तांबट:

अबोली, लोक समजून घेतील, पण मेझोटिंटपुरते ते बरोबर होणार नाही. कोरणे म्हणजे रेघ खोदणे. इथे रेघ नाहीच. आम्ही कार्यशाळेत सरळ ‘पत्रा खरवडतोय’ असेच म्हणायचो. मेझोटिंट या इटालियन शब्दाचा अर्थही ‘मधली छटा’ असा आहे, म्हणजे नावातसुद्धा रेघेचा उल्लेख नाही.

कलमबहादूर:

या विषयाची एक कायदेशीर बाजू आहे आणि ती काजळरेघ यांच्या मूळ प्रश्नाला थेट भिडते, म्हणून विस्ताराने लिहितो.

इंग्लंडमध्ये १७३५ साली मुद्राचित्रांच्या हक्काचा कायदा झाला. विल्यम होगार्थ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी खटपट केली होती, म्हणून तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. त्याने चौदा वर्षांचे संरक्षण दिले, पण कोणाला? ज्याने स्वतः चित्र रचले आणि त्याचा छाप काढला, त्याला. दुसऱ्याच्या तैलचित्रावरून पत्रा करणाऱ्याचा त्यात विचारच झाला नव्हता. तो १७६७ च्या कायद्यात झाला आणि त्याच वेळी मुदतही अठ्ठावीस वर्षांची केली गेली. मॅकआर्डेल २ जून १७६५ रोजी वारला. म्हणजे ज्या कामावर त्याचे नाव उभे आहे त्याला कायद्याचे पक्के छत्र मिळाले ते तो गेल्यावर दोन वर्षांनी.

याचा परिणाम काय झाला ते रिचर्ड पर्सेलच्या उदाहरणात दिसते. लिफीकाठ यांनी त्याचे नाव घेतलेच आहे. हा मॅकआर्डेलच्याच गावचा माणूस. लंडनचा दुकानदार रॉबर्ट सेयर त्याच्याकडून मॅकआर्डेलच्या गाजलेल्या छापांच्या नकला करून घेत असे, आणि पर्सेल त्यांतल्या काहींवर ‘चार्ल्स कॉर्बट’ असे खोटे नाव घालीत असे. नकलेची नक्कल बाजारात स्वस्त विकली जाई. मला पर्सेलचा राग येत नाही. त्याच्या कसबाविषयी कोणाची तक्रार नव्हती, आणि गरज माणसाला काय करायला लावते हे आपण सगळे जाणतो. मला राग येतो तो ज्या व्यवस्थेत चित्रकाराची कल्पना ही मालमत्ता ठरली आणि पत्रा खरवडणाऱ्याचे महिन्यांचे श्रम ही मालमत्ता ठरली नाही, त्या व्यवस्थेचा.

याच सेयरविषयी आणखी एक हकीकत सांगतात. रिचर्ड ह्यूस्टन अत्यंत गुणी, परंतु कामाचा आळशी आणि चैनी होता. आगाऊ पैसे घेऊन तो गायब होई. शेवटी सेयरने त्याला कर्जापायी फ्लीट तुरुंगात टाकले, आणि कारण असे दिले, की आता हा कुठे सापडेल ते मला ठाऊक असेल.

पडछाया:

कलमबहादूर, तुमचा मुद्दा विचार करायला लावणारा आहे. परंतु कायद्याने संरक्षण दिले नाही यावरून ते काम स्वतंत्र निर्मिती होते असे सिद्ध होत नाही, आणि पुढे संरक्षण दिले यावरूनही होत नाही. मी माझ्या जागी आहे.

नायगाव_ते_न्यूजर्सी:

अमेरिकेच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो, दोन्ही या आयरिश मंडळींशी निगडित आहेत.

बेंजामिन फ्रँकलिन लंडनमध्ये राहत होता तेव्हा बेंजामिन विल्सनने त्याचे चित्र रंगवले आणि १७६१ मध्ये मॅकआर्डेलने त्यावरून मेझोटिंट केले. पार्श्वभूमीला वीज कोसळताना दिसते. पुढे मेसन चेंबरलिनने फ्रँकलिनचे दुसरे चित्र काढले. त्यात वीज ओळखण्यासाठी त्याने घरात बसवलेल्या घंट्या त्याच्या पाठीमागे दिसतात आणि तो त्यांच्या नादाकडे कान देऊन बसलेला आहे. त्यावरून १७६३ मध्ये एडवर्ड फिशरने पत्रा केला. हे छाप फ्रँकलिनने समुद्रापलीकडच्या मित्रांना पाठवले. ज्या काळी माणूस एकदा अटलांटिक ओलांडून गेला की वर्षानुवर्षे दिसत नसे, त्या काळी त्या घरांतल्या लोकांनी फ्रँकलिनचा चेहरा पाहिला तो डब्लिनच्या माणसाने खरवडलेल्या तांब्यामुळे.

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. बॉस्टनचा जॉन सिंगल्टन कॉप्ली हा थोर व्यक्तिचित्रकार १७७४ पर्यंत अमेरिकेबाहेर गेलेला नव्हता. रेनॉल्ड्सची तैलचित्रे त्याने पाहिली असण्याचा प्रश्नच नव्हता. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याने १७६३ च्या सुमारास काढलेले मिसेस बॉवर्स यांचे चित्र आहे. रेनॉल्ड्सने रंगवलेल्या लेडी कॅरोलाइन रसेलचे मॅकआर्डेलने १७५९ मध्ये मेझोटिंट केले होते, ते शेजारी ठेवून पाहा. बसण्याची ढब तीच, पोशाख तोच, मांडीवरचे कुत्रेसुद्धा तेच, फक्त चेहरा मिसेस बॉवर्सचा आहे. मी दोन्ही प्रतिमा पडद्यावर आजूबाजूला लावून तासभर पाहिल्या. कॉप्लीपुढे काळा-करडा कागद होता. त्यातून त्याने रंग स्वतःच्या मनाने निर्माण केले, परंतु रेशमावर उजेड कुठे चमकतो आणि कुठे विझतो हे तो मॅकआर्डेलकडून शिकला. पडछाया, माझा तुम्हाला प्रश्न आहे. बॉस्टनमधल्या त्या तरुण चित्रकाराचा गुरू कोण म्हणायचा? ज्याचे एकही चित्र त्याने पाहिले नाही तो रेनॉल्ड्स, की ज्याचा कागद त्याच्या हातात होता तो मॅकआर्डेल?

पडछाया:

या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नाही. विचार करून लिहिते.

रुळावरचा:

मी व्यवसायाने रेल्वेत स्थापत्य अभियंता आहे. कलेतले फार कळत नाही, परंतु या धाग्यामुळे एक नाव आठवले. ब्रिटिश मेझोटिंट व्यक्तिचित्रांची पहिली मोठी वर्णनात्मक सूची १८७८ ते १८८३ या काळात जॉन शॅलोनर स्मिथ याने प्रसिद्ध केली. हा डब्लिनचा रेल्वे अभियंता होता. डब्लिनच्या लूपलाइन पुलाशी, म्हणजे लिफी नदीवरच्या त्या लोखंडी रेल्वेपुलाशी, त्याचे नाव जोडलेले आहे. दिवसा रूळ आणि गर्डर सांभाळणाऱ्या माणसाने हजारो छापांची एकेक अवस्था तपासून लिहून ठेवली, की या छापात अक्षरे नाहीत, त्या छापात पत्ता बदलला आहे, अमक्या छापात पत्रा झिजल्यावर पुन्हा दुरुस्त केला आहे. आमच्या कामात पुलाच्या तपासणीची वही अशीच ठेवतात, म्हणून त्याच्याविषयी मला विशेष आपुलकी वाटते.

लिफीकाठ:

रुळावरचा, तुम्ही हे लिहिलेत याचा फार आनंद झाला. तो पूल मी रोज ओलांडतो. स्मिथने स्वतः जमवलेला संग्रह १८८७-८८ मध्ये विकला गेला, तेव्हा त्यातले अनेक उत्तम छाप एडवर्ड गिनेस यांच्या देणगीमुळे आयर्लंडच्या राष्ट्रीय कलादालनासाठी राखता आले. लंडनला गेलेल्या मुलांचे काम असे फिरून डब्लिनला परत आले.

मृण्मयी:

थॉमस फ्रायचे नाव अजून आले नाही, म्हणून सांगते. मी चिनी मातीत काम करते आणि आमच्याकडे तो बो येथील पोर्सेलिनच्या कारखान्यामुळे माहीत आहे. एडवर्ड हेलिनबरोबर त्याने १७४४ मध्ये त्याचे पेटंट घेतले होते. हा १७१० मध्ये जन्मलेला आयरिश माणूस, आणि कारखाना सोडल्यावर आयुष्याच्या अखेरीस, १७६० ते १७६२ या काळात, त्याने जवळजवळ प्रत्यक्ष आकाराची मेझोटिंट मस्तके केली. ती कोणाच्या चित्रावरून केलेली नाहीत, त्याने स्वतःच रचलेली आहेत. अंधारातून एक मोठा चेहरा वळून आपल्याकडे पाहतो आणि त्याच्या डोळ्यांत उजेडाचे थेंब असतात. भट्टीच्या तोंडाशी वर्षे काढलेल्या माणसालाच असा उजेड दिसू शकतो, असे मला वाटते. सांगतात, की राजा आणि राणी यांचे चेहरे टिपण्यासाठी तो नाटकगृहात जाऊन बसे, आणि तो चित्र काढतो आहे हे लक्षात आल्यावर ती दोघे मुद्दाम त्याच्याकडे तोंड करीत.

काजळरेघ यांच्या प्रश्नाशी याचा संबंध असा, की मेझोटिंटकार स्वतः व्यक्तिचित्रे रचू शकत होता हे फ्रायने दाखवले. मॅकआर्डेलने दुसऱ्यांची चित्रे घेतली ती असमर्थ होता म्हणून नव्हे, तर बाजाराला रेनॉल्ड्सने काढलेली नामांकित माणसे हवी होती म्हणून.

अबोली:

या गटात स्त्रिया होत्या का?

काजळरेघ:

होती, अबोली. जेम्स वॉटसनची मुलगी कॅरोलाइन वॉटसन वडिलांकडेच शिकली आणि १७८५ मध्ये राणी शार्लटची मुद्राचित्रकार म्हणून तिची नेमणूक झाली. तिचे बरेचसे काम मात्र ठिपक्यांच्या पद्धतीचे आहे. तिच्यावर वेगळा धागा काढावा इतके तिचे काम मोठे आहे, तो तुम्हीच काढावा असे सुचवते.

तांबट:

काजळरेघताई, एक मुद्दा राहून गेला होता. मेझोटिंटचा पत्रा फार लवकर मरतो. कुसळे नाजूक असतात. प्रत्येक छापाच्या वेळी पत्रा शाईने भरायचा, मलमलीने पुसायचा, ओलसर कागद ठेवून रुळाखालून काढायचा, आणि दर वेळी कुसळे थोडी दबतात. सुरुवातीचे काही डझन छाप अप्रतिम निघतात, शंभर-दोनशेच्या पुढे काळे राखाडी होऊ लागते. त्यामुळे एखाद्याने झिजलेल्या पत्र्याचा छाप पाहून ‘मॅकआर्डेल काही एवढा विशेष नाही’ असे म्हटले, तर चूक त्याची नसते, त्याला खरा मॅकआर्डेल भेटलेलाच नसतो. रेनॉल्ड्सच्या तैलचित्राचे उलटे आहे, ते एकच असते.

काजळरेघ:

तांबट, तुमच्या शेवटच्या वाक्यामुळेच रेनॉल्ड्सच्या त्या उद्गाराचा एक अर्थ मला आता लागतो आहे. त्याचे तैलचित्र एकच असते खरे, पण ते तसेच राहत नाही. रेनॉल्ड्स रंगांचे सतत प्रयोग करी. त्याने वापरलेला तांबूस रंग उजेडात उडून जाई, आणि त्याच्या हयातीतच त्याने रंगवलेले चेहरे फिके पडू लागले होते. गालांवरची लाली गेली, की त्या लालीने घडवलेली गोलाईही जाते. मॅकआर्डेलने ते चेहरे रंग ताजे असताना पाहिले आणि त्यांचा उजेड-अंधार काळ्या शाईत उतरवला. शाई उडत नाही. ‘अमर होईन’ हे शब्द कीर्तीच्या अर्थाने उच्चारले गेले असतील, पण ते शब्दशःही खरे ठरले.

पडछाया:

दोन दिवस विचार करून लिहिते आहे. नायगाव_ते_न्यूजर्सी यांच्या प्रश्नाने आणि काजळरेघ यांच्या वरच्या प्रतिसादाने माझी जागा थोडी हलली आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मी असे गृहीत धरले होते, की मूळ चित्र स्थिर असते आणि छाप त्याच्याकडे बोट दाखवतो. परंतु मूळच जर फिके पडत असेल, आणि ज्यांनी ते कधी पाहिले नाही अशा माणसांची चित्रकला जर छापावर उभी राहत असेल, तर बोट दाखवणारा आणि दाखवलेली वस्तू यांतले अंतर मी मानत होते तेवढे सरळ नाही. तरीही कल्पनेचा मान रेनॉल्ड्सचाच, यावर मी ठाम आहे. एडवर्ड फिशरविषयी रेनॉल्ड्सची तक्रार होती, की तो अनाठायी काटेकोर आहे आणि झाडाच्या पानांसारख्या बिनमहत्त्वाच्या भागावरही तेवढेच श्रम करतो. म्हणजे काय सोडायचे आणि काय राखायचे हे ठरवण्याची अपेक्षा चित्रकारच त्याच्याकडून करीत होता. निव्वळ नक्कल हवी असती तर फिशरच्या काटेकोरपणाची तक्रार कशाला केली असती? मॅकआर्डेलला ती निवड जमत होती. हे लक्षात आल्यावर ‘अनुवादक’ हा शब्द मी मागे घेते. ‘व्यक्तिचित्रकार’ म्हणायला अजून जीभ रेटत नाही, पण चित्राचा उल्लेख करताना दोन्ही नावे घेईन.

षड्ज:

पडछाया, इतक्या मोकळेपणाने लिहिल्याबद्दल तुमचे आभार. त्या काळच्या रॉयल अकादमीला, म्हणजे लंडनमधल्या कलावंतांच्या संस्थेला, एवढेही जमले नव्हते. १७६८ मध्ये ती स्थापन झाली तेव्हा मुद्राचित्रकारांना पूर्ण सदस्यत्व दिले गेले नाही. नंतर त्यांच्यासाठी सहयोगी म्हणून सहा जागा काढल्या, आणि पूर्ण सदस्यत्वाचे दार उघडायला एकोणिसावे शतक अर्धे सरावे लागले. मॅकआर्डेल तोवर हयात नव्हताच. त्याला जो मान मिळाला तो सोसायटी ऑफ आर्टिस्ट्सच्या प्रदर्शनांत आणि सोबतच्या कारागिरांत.

लिफीकाठ:

सोबतच्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. मॅकआर्डेल गेला तेव्हा जेमतेम छत्तीस-सदतीस वर्षांचा होता. त्याला हॅम्पस्टेडच्या चर्चच्या आवारात पुरले. डिसेंबर १७६७ मध्ये चार्ल्स स्पूनर वारला, आणि त्याच्या स्वतःच्या इच्छेनुसार त्यालाही तिथेच, मॅकआर्डेलच्या शेजारी, पुरण्यात आले. स्पूनरचे नाव आज मॅकआर्डेलइतकेही कोणाला ठाऊक नाही.

काजळरेघ:

लिफीकाठ, हे मला माहीत नव्हते. पुढच्या लंडनभेटीत हॅम्पस्टेडला नक्की जाईन.

माझ्या टिपणवहीत मी छापचित्रांची नोंद चित्रकाराच्या आडनावाखाली करीत असे. काल बसून ती सगळी पाने पुन्हा लिहून काढली. आता प्रत्येक नोंदीत आधी पत्रा करणाऱ्याचे नाव, मग रंगवणाऱ्याचे, मग बसलेल्या व्यक्तीचे, आणि छाप आधीचा की झिजलेल्या पत्र्याचा, असा क्रम ठेवला आहे. पुढच्या वेळी लेडी शार्लट फिट्झविल्यमचा पत्रा मागणार आहे. तांबट, त्यात नेमके काय पाहू ते सांगाल का?

तांबट:

अवश्य. आधी चेहरा पाहू नका. कागदाचा कोपरा पाहा, पत्र्याच्या कडेचा दाब तिथे उठलेला असेल, त्यावरून पत्रा केवढा होता ते समजेल. मग चित्रातली सगळ्यात काळी जागा शोधा आणि उजेड एका बाजूने तिरका येईल अशी मान कलती करा. छाप सुरुवातीचा असेल तर तिथे शाई कागदावर किंचित उभी राहिलेली दिसेल, आणि फार बारकाईने पाहिले तर दातांच्या ठिपक्यांच्या तिरक्या ओळीही सापडतील. त्या ओळी जिथे विरळ होऊ लागतात तिथून त्याने खरवडायला घेतले. तिथून चेहऱ्याकडे या.

काजळरेघ:

सप्टेंबरमध्ये वेळ मिळाली आहे. पाहून आले की याच धाग्यावर लिहीन.